बंदुकीचं वायसर आणि लातूरची गाडी

बंदूक उघडायच्या आधीच मी तिचं वायसर मागवून बसलो. मोबाईलवरच्या व्हिडिओत एक माणूस सांगत होता की हवा अडवणारं आतलं वायसर आता प्लास्टिकचंच असतं. तो बोलत होता नव्या बंदुकांबद्दल, आणि माझ्या मांडीवर होती वडिलांनी अर्धापूरच्या केळीतून वानरं हाकलायला घेतलेली छर्ऱ्याची जुनी बंदूक. पार्सल आलं, बंदूक उघडली, तर आत दट्ट्याच्या तोंडावर स्क्रूने आवळलेली चामड्याची वाटी! वाळून पार पापड झालेली. बोट लावलं आणि तुकडे पडले. नवं वायसर त्या दट्ट्यावर बसेना. न उघडता ओळखायची रीतही त्याच माणसाने पुढे सांगितली होती. नळीमागच्या छिद्रात तेलाचे थेंब सोडायचे, बंदूक उभी ठेवायची, दुसऱ्या दिवशी जोर वाढला तर आत चामडं आहे असं समजायचं. मी तिथवर पाहिलंच नव्हतं.

खरं तर त्या बंदुकीवाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. केळी आता भाऊ बघतो, आणि वानरांना तो फटाके लावतो. नांदेडच्या घरात मी एकटाच. मुलीच्या क्लासेससाठी बायकोने लातूरला खोली घेतली. आमच्या ओळखीत बऱ्याच घरांत हेच चाललंय. आई आणि लेकरू लातूरला, बाप इकडे कुलूप उघडतो आणि लावतो. सुरुवातीला मी दर रविवारी जायचो. मग एकदा बायको म्हणाली, "सारखं सारखं येऊ नका. तुम्ही आलाव की पोरगी पुस्तक मिटून गप्पा हाणत बसती. काही काम असलं तर या."

झालं. मी घरात काम शोधायला लागलो. काम कसं, तर लातूरला गेल्याशिवाय होऊच नये असं. गळका नळ काढला, पण तो दुर्दैवाने मला एकट्याला जमला. मग माळ्यावरची ही बंदूक काढली.

ऑफिसच्या जुन्या बॅगेचं झाकण कापून चामड्याची चकती केली. कोमट पाण्यात भिजवली आणि बंदुकीच्याच मापाच्या पाइपच्या तुकड्यात दाबून ठेवली. वाळली की तिची वाटी होते. मग ती तेलात मुरवायची आणि तोंड पुढे करून बसवायची, म्हणजे हवा दाबली की कडा फुगतात आणि कुठून हवा निसटत नाही. संध्याकाळी घरी आलो की चपला काढायच्या आधी मी ती वाटी बघायचो. घरात माझी वाट बघणारी तेवढीच एक वस्तू होती.

वाटी बसली. राहिली स्प्रिंग. स्प्रिंग एकाने जीव खाऊन दाबायची आणि दुसऱ्याने भोकातून पीन सारायची. मी बंदूक दाराला टेकवली, दुसरं टोक पोटाने रेटलं आणि हाताने पीन चाचपू लागलो. स्प्रिंग सुटली ती फ्रिजच्या मागे. ती काढताना मला खरं तर वाईट वाटायला हवं होतं. मी लगेच बायकोला फोन लावला.

"दोन माणसांचं काम आहे हे."

"मग शेजारी कुनी न्हाई का?"

"त्यांचे हात थरथरतात." शेजाऱ्यांचे हात अगदी ठणठणीत आहेत.

ती म्हणाली, "या. पन जेवून लगेच निघायचं."

बंदूक सतरंजीत गुंडाळून गाडीत बसलो. कंडक्टरने विचारलं, "काका, काय हाय त्यात?"

"बंदूक."

"आरारा! कुनाकडं चाल्लाव?"

"बायकोकडं."

पुढच्या दोन सीटा अहमदपूर येईपर्यंत मागे वळून हसत होत्या.

लातूरच्या त्या गल्लीत खोलीखोलीत लेकरं वाचत असतात. कुकरची शिट्टीसुद्धा भीत भीत वाजते. आम्ही गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये बसलो. मी दाबत होतो, ती गुडघ्यावर बसून पीन धरून होती.

"दाबा की वो!"

"दाबतोय."

"जेवत न्हाईत का तिकडं? कुठं गेला जोर?"

"स्वतःच्या हातचं जेवतो, त्याला काय जोर येणार?"

ती हसली आणि पीन सटकन आत गेली. मला वाटलं होतं, दुपार तरी जाईल. खाली ठेवलेला चहासुद्धा उकळला नव्हता. मुलगी वर आली, सतरंजी बघून हसली, आणि टेस्ट आहे म्हणून पळाली. तिथं बार काढणं शक्यच नव्हतं. जेवलो आणि परतीची गाडी धरली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर नांदेडच्या गच्चीवर तेलाच्या डब्याचं झाकण टांगलं, बायकोला फोन लावून तो कठड्यावर ठेवला आणि चाप ओढला. खणखणीत आवाज आला. झाकणाला आरपार भोक. पारवे उडाले, आणि मग काहीच नाही. शाबासकी द्यायला गच्चीवर कुणी नव्हतं.

"ऐकलंस?"

"ऐकलं. झाली का घरातली समदी कामं?"

"झाली," मी म्हणालो. खरंच झाली होती. दुसरं काही सुचत नव्हतं.

"मंग रविवारी असंच या. घडीभर बोलली तुमच्यासंगं तर पोरगी काय नापास व्हायची न्हाई. आन् मला तरी हितं बोलायला कोन हाय?"