ऑपरेटरकाकांची पडवी

दसऱ्यानंतरचा पहिला सोमवार, सकाळ. हजर : मी, रेकॉर्डिंग सांभाळणारी शर्वरी, आमच्या वाचक देसाईबाई आणि ऑपरेटरकाका. गैरहजर : कॉम्प्युटरमधल्या सगळ्या फायली.

काका नेहमीसारखे ताठ बसले होते. हेडफोनची एक बाजू कानावर, दुसरी मागे सरकवलेली. एक कान यंत्राला, एक माणसांना. शर्वरी पडद्यावरचा इंग्रजी मजकूर वाचून सांगत होती : तुमच्या फायलींना आम्ही कुलूप घातले आहे, किल्ली हवी तर पैसे भरा.

काकांनी विचारले, "कोण बोलतंय? कुठून? काम काय?"

पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर नव्हते. काम मात्र स्पष्ट होते.

हे तीन प्रश्न त्यांना नोकरीने दिले होते. जन्मापासून दिसत नव्हते आणि सारी नोकरी एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून झाली. निवृत्त झाल्यावर ते घाटकोपरला आमच्या केंद्रात यायला लागले. केंद्र म्हणजे सोसायटीच्या हॉलवरच्या दोन खोल्या. इथे आमचे वाचक पाठ्यपुस्तके मोठ्याने वाचतात, ते रेकॉर्ड होते आणि दृष्टिहीन विद्यार्थ्यांकडे जाते. काकांकडे काम एकच दिले होते : प्रत्येक रेकॉर्डिंग विद्यार्थ्याकडे जाण्याआधी पूर्ण ऐकायचे. कॉम्प्युटरची राखण हे दुसरे काम त्यांनी आपण होऊन घेतले.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, जो घराबाहेर पडताना गॅसचे बटण दोनदा बघतो. काका तसे होते, फक्त बघण्याऐवजी विचारायचे. नवा पेन ड्राइव्ह आला की तो तळहातावर घेऊन त्यालाच म्हणायचे, "काय रे, खंयसून इलंस?" मग आणणाऱ्याकडे वळून तेच मराठीत, "कुठून आलाय हा?" एकदा शर्वरीने सांगितले, "स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढली फक्त."

"फक्त? अगं, अर्ध्या घाटकोपरचे पेन ड्राइव्ह त्या एका मशीनला लागतात. सर्दी झालेल्या वर्गात बसून आलाय हा. आधी पडवीत ने."

पडवी म्हणजे कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर. त्याला इंटरनेट नाही, दुसऱ्या कुठल्या यंत्राशी जोडणी नाही, फक्त व्हायरस तपासायचे सॉफ्टवेअर आहे, तेही दर आठवड्याला ताजे केलेले. काकांच्या कोकणातल्या घरी बाहेरून आलेला माणूस पडवीत पाय धुतल्याशिवाय माजघरात जात नसे. इथेही बाहेरची प्रत्येक वस्तू आधी पडवीत. मी सेक्रेटरी आहे, मला नियम आवडतात. हा मी छापून भिंतीला लावला. काका म्हणाले, "सेक्रेटरीबाई, भिंतीला कळलं. आता माणसांना सांगा."

ई-मेलचेही तसेच. पडद्यावरचे बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षरन्‌ अक्षर वाचते आणि काका तो शेवटपर्यंत ऐकायचे. आम्ही बोधचिन्ह बघून विश्वास ठेवतो. त्यांना बोधचिन्ह दिसतच नव्हते. खाते बंद होईल, ताबडतोब इथे क्लिक करा, असा एका बँकेच्या नावाने मेल आला तेव्हा मी घाबरले होते. ते हसले. "अहो, बँकेत आयुष्य गेलं माझं. बँक कधी घाई करते का? घाई करतो तो चोर."

अशा माणसाच्या राज्यात हे कसे झाले?

तर त्याआधी खंडेनवमी होती. त्या दिवशी आम्ही यंत्रांची पूजा करतो : कॉम्प्युटर, मायक्रोफोन, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ. कपाटातली बॅकअपची डिस्कही पूजेला बाहेर आली. या डिस्कवर सगळ्या रेकॉर्डिंगची दुसरी प्रत असते. काकांचाच कडक नियम होता : प्रत काढण्यापुरती जोडायची, काम झाले की सोडवून कपाटात. जोडलेली राहिली तर कॉम्प्युटरला लागलेली कीड तिलाही लागते.

पण काकांचे वडील कापडगिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे. दसऱ्याच्या पूजेला साचा चालू करून दाखवल्याशिवाय ते प्रसाद घेत नसत. काका म्हणाले, "झोपलेल्याला नमस्कार करत नाहीत. जोडा तिला." शर्वरीने जोडली. काकांनी डिस्कवर बोट ठेवले, तिची घरघर जाणवली, मग कुंकू लावले. फूल वाहून, पेढा खाऊन आम्ही घरी गेलो. सुट्टीभर डिस्क तशीच जोडलेली.

सोमवारी पार्ल्याहून मेट्रोने देसाईबाई सर्वांत आधी आल्या. निवृत्त शिक्षिका, वेळेच्या पक्क्या. केंद्राची मेल उघडली, वीजबिल थकल्याची एक फाईल होती, वीज तोडतील या भीतीने त्यांनी ती उघडली. आम्ही पोचलो तोवर पुस्तकांची नावे जाऊन तिथे निरर्थक अक्षरे आली होती. डिस्कवरही तीच.

काकांनी आधी नेटची वायर काढायला लावली. मग डिस्क. मग म्हणाले, "पैसे द्यायचे नाहीत. दिल्यावर किल्ली मिळेल याची जबाबदारी कोण घेतंय? कोण बोलतंय तेच ठाऊक नाही." मी पडद्याचा फोटो काढला, पोलिसांत तक्रार दिली, कॉम्प्युटर पुसून नव्याने उभे केले, सगळे पासवर्ड बदलले. ही कामे मला जमतात.

देसाईबाई कोपऱ्यात बसून होत्या. म्हणाल्या, "माझ्यामुळे वाट लागली सगळ्याची."

काका म्हणाले, "बाई, दार तुम्ही उघडलंत. तिजोरी मी उघडी ठेवली होती. आपण दोघं भागीदार. आता चहा सांगा, भागीदारीत." पण त्या दिवशी काकांनी स्वतः चहा घेतला नाही.

जुनी पुस्तके विद्यार्थ्यांच्या मेमरी कार्डांवर होती. काकांनी एकेकाला फोन केले. जुन्या ऑपरेटरचा आवाज, कुणी नाही म्हणाले नाही. कार्डे आली, आधी पडवीत गेली, काहींत खरोखर व्हायरस निघाले, ते साफ झाले. बरीच पुस्तके परत मिळाली.

एक मात्र कुणाकडेच नव्हते. देवनारची सविता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्यासाठी देसाईबाईंनी अर्थशास्त्राचे पुस्तक नुकते वाचून संपवले होते. काकांचे ऐकणे चालू होते, त्यामुळे ते तिच्याकडे गेलेच नव्हते. घरात तिला वाचून दाखवायला कुणी नाही. आईवडील दोघे सकाळी कामाला बाहेर पडतात. हे पुस्तक नाही, तर तो पेपर नाही.

काकांनीच तिला फोन लावला. स्पीकरवर होता, म्हणून आम्हीही ऐकला.

"सविता, पुस्तक गेलं. चूक माझी आहे."

ती म्हणाली, "मग आता, काका?"

"परत वाचतोय."

"परीक्षेच्या आधी होईल ना? नाहीतर मी एवढा पेपर पुढच्या वर्षी देते. तसं सांगा आत्ताच."

"पुढच्या वर्षी कशाला? आधीच होईल."

दुसऱ्या दिवसापासून बाई वाचायला बसल्या. काकांचे ऐकणेही रोजचे झाले. डोळे मिटलेले, बोटे मांडीवर. पुस्तकातला शब्द चुकला हे त्यांना कळणार नव्हते, आणि त्यांना ते बघायचेही नव्हते. "मला कळलं तर पोरीला कळेल," एवढीच त्यांची कसोटी. बाई बिचाऱ्या एकेक प्रकरण दोनदा, कधी तीनदा वाचत. थंडीत त्यांचा घसा बसला तेव्हा शेवटचे प्रकरण माझ्याकडे आले. विषय चलनवाढ.

मी एका बैठकीत संपवले आणि फाईल काकांच्या हवाली केली. ऐकून त्यांनी हेडफोन काढला.

"सेक्रेटरीबाई, वाण्याची यादी वाचताय काय? चलनवाढ नुसती ऐकू आली, कळली नाही. परत वाचा."

मला राग आला होता, तो आठवडाभर टिकला. मग परत वाचले. दमाने, उदाहरणापाशी थांबून, समोर कुणी बसले आहे असे समजून. फाईल तयार झाली त्या दिवशी काका आले नाहीत. छातीत दुखते म्हणून त्यांना दवाखान्यात नेले होते. त्यांच्या बहिणीला फोन केला तर मागून त्यांचाच आवाज आला, "कोण बोलतंय? कुठून?" मी नाव सांगितले. ते म्हणाले, "ठेवून द्या. आल्यावर ऐकतो."

ते आले नाहीत. बातमी बहिणीने दिली. अंत्ययात्रेला आम्ही सगळे होतो, सविताही. ती वडिलांचा हात धरून आली होती.

केंद्र चालू आहे. पडवी चालू आहे. डिस्क प्रत काढून झाली की मी स्वतः सोडवते, कपाटात ठेवते, कुलूप लावते. सविताला शेवटचे सोडून सगळी प्रकरणे पोचली आहेत. परीक्षा जवळ आली आहे. परवा तिचा फोन आला.

"ताई, ते राहिलेलं तसंच पाठवा ना. चुका मी सांभाळून घेईन."

"काका काय म्हणायचे? जिला शिकायचंय तिनेच चुका पकडायच्या?"

"हो, पण काका नाहीयेत ना आता."

मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

देसाईबाईंनी पुस्तक समोर धरून फाईल तपासली. शब्द सगळे बरोबर आहेत. पुस्तक बंद करून, डोळे मिटून कुणीतरी ऐकायचे मात्र अजून राहिले आहे.