धुतलेलं लुगडं

निजामाच्या अमलात आमच्या गावात डोकी फुटायची तेवढे नारळसुद्धा फुटत नसत. ठाण्याच्या कागदावर मात्र गाव देवमाणसांचं. नवऱ्यानं मारलं तर ते घरातलं म्हणून सोडा. परक्यानं मारलं तरी बाईनं गप्प बसायचं. बोभाटा नको म्हणे. मारणाऱ्याला नको असेल, तिला कशाला नको?

मी तेव्हा सतराची, आणि घरात अक्कल आपल्यालाच आहे अशी माझी खात्री. विधवा नणंद माहेरीच राहून आमचा एक तुकडा कसायची. शेजारच्या शेतवाल्यानं बांध कोरायला घेतला. वन्संनी हटकलं, तर त्यानं कुऱ्हाडीचा दांडा डोक्यात घातला. रक्तानं माखूनच त्या घरी आल्या.

“हे आज लिवून न्हाई घेतलं, तर त्यो उंद्या पुन्ना यील,” त्या म्हणाल्या. “मला रानात पाय ठिवता येणार न्हाई.”

नवरा आणि सासरे गाडी जुंपायला गेले. तेवढ्यात मी शहाणीनं काय करावं? सरकारी माणसांपुढं असल्या अवतारात कसं न्यायचं? वन्संच्या जखमेत हळद दाबली, माझं धडकं लुगडं नेसवलं, आणि रक्ताचं राख लावून खसाखसा धुतलं. डाग एक ठेवला नाही. वर ऐट अशी, की गाडीत मीच आधी चढले.

ठाणं दोन कोसांवर. तिथले फौजदार म्हणजे अमीनसाहेब. ते उर्दूत बोलत, जवान आम्हाला मराठीत सांगे.

“मार कुठं हाय?”

“डोक्यात,” वन्सं म्हणाल्या.

“पदर काढून दाखव.”

वन्संचा हात पदराकडं गेलासुद्धा. पण सासरे खाकरले. “आमच्यातली बाई परक्यापुढं डोकं उघडं करीत न्हाई.” हात खाली आला.

“बरं. रक्ताचं कापड?”

“धुतलं,” मी म्हणाले.

“आगं, कावून?” नवरा.

“घाण झालतं.”

जवान हसला. “सून लई नेटकी हाय.” अमीनसाहेबांनी लिहून टाकलं, रानात पाय घसरून पडली.

परतताना वन्सं एवढंच बोलल्या, “पोरी, तू धुतलंस की चोराचाबी साव व्हतो.”

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बायका हळूच सांगू लागल्या. कुणाचा हात मोडलेला, कुणाचा दात पाडलेला, आणि पाडणारे सगळे परके. मी बोटं मोजत गेले. दोन्ही हातांची संपली. त्यातल्या ठाण्यापर्यंत गेलेल्या एकट्या वन्सं, आणि त्याही पाय घसरलेल्या. बाकीच्यांना म्हणे धुणं आवरायचं होतं.

पुढच्या पेरणीला वन्सं रानात गेल्या नाहीत. तुकडा बटईनं, अर्ध्या पिकाच्या वाट्यावर, द्यायचं ठरलं. दांडा घालणाऱ्याच्या बांधाला बांध लावून राबायला गावात कुणी तयार होईना, म्हणून शेवटी तो तुकडा त्यानंच घेतला.