दिएलाची कॅसेट

दिएला या नावाचा अर्थ ‘देव इथेच आहे’. असेलही. पण मायामीच्या ज्या हॉटेलात ती दहा वर्षं चादरींना इस्त्री करत होती, तिथल्या धुलाईघरात तो कधी फिरकला नाही.

तिच्या शेजारच्या टेबलावर नेरेइदा उभी असायची. ती क्युबाची, दिएला आमच्या हैतीची. दोघी एकाच आठवड्यात होडीतून आलेल्या. क्युबातून आलेल्यांसाठी इथला कायदाच वेगळा; नेरेइदाला वर्ष उलटताच कायमचं राहण्याचं कार्ड मिळालं.

“मला का आलीस विचारलं,” ती सांगायची. “म्हटलं, हवानात साबण मिळत नाही. लगेच शिक्का!”

“म्हणून आता जन्मभर साबणातच लोळतेस,” दिएला म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

दिएलाचा आश्रयाचा अर्ज मात्र फेटाळला गेला होता. वकिलाने अपिलाचं गुऱ्हाळ चालू ठेवलं होतं, म्हणून तिला कुणी हाकललं नाही. पण एकदा देश सोडला, की परत येता येणार नव्हतं. गावाकडे आई आणि मुलगी तिच्याच पगारावर जगत होत्या. त्यामुळे आईला एकदा डोळे भरून पाहून परत येऊ द्या, एवढंच मागणं घेऊन ती परवान्याच्या कचेरीच्या रांगेत उभी राहायची.

आईला वाचता येत नव्हतं, म्हणून कॅसेटी जात-येत. दर रविवारी दिएला टेपरेकॉर्डरपुढे बसून बोलायची. आज भात करपला, पायाला सूज आहे, असलंच काहीबाही. बोलणं संपलं तरी टेप फिरत राहायची. मी भिंतीपलीकडे राहतो, मला सगळं ऐकू यायचं. तिच्या खोलीत दुसरं माणूस बोललं, तर ती कॅसेटमधली आई. इतकं एकटं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

आता माझी अक्कल सांगतो. मी पोर्त-ओ-प्रँसचा शाळामास्तर, फ्रेंच पाजळणारा. इथे आश्रय मागणाऱ्यांच्या मुलाखतींना दुभाषा म्हणून जायचो. दिएलाच्या मुलाखतीलाही मीच होतो. साहेबाने विचारलं, “का आलीस?” ती म्हणाली, “शेशे लावी.” आमच्या क्रेयोल बोलीत शब्दशः, जीव शोधायला. आमच्याकडे बाजाराला निघालेली बाई हेच म्हणते, आणि जीव मुठीत धरून पळणाराही हेच म्हणतो. मी साहेबाला सांगितलं, “कामधंद्यासाठी.” त्याने तेवढंच लिहून घेतलं; पोटासाठी आलेल्याला आश्रय मिळत नाही. सैनिकांनी नवऱ्याला दारातच गोळी घातली, हे ती पुढे सांगू लागली तेव्हा साहेब घड्याळ बघत होता. क्युबाच्या बाईचा साबण चालला, आमच्या बाईचा मेलेला नवरा चालला नाही.

तिला इंग्रजी कळत नव्हतं. उलट दर एक जानेवारीला, आमच्या स्वातंत्र्यदिनी, ती मला भोपळ्याचं सूप आणून द्यायची. “मास्तर, त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी बोललात.” मी मान खाली घालून ते प्यायचो.

फेब्रुवारीत दिएलाची आई गेल्याचा फोन आला. नेरेइदा गेल्याच वर्षी हवानाला जाऊन आपल्या आईला माती देऊन परतली होती. दिएला टेपरेकॉर्डर घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

“मास्तर, यंत्र तुम्ही सांभाळा. लेकीच्या आक्रोशाशिवाय आईला माती द्यायची कशी? रडणं भरून पाठवते. गावचा एक जण उद्याच्या विमानाने जातोय.”

मी बटण दाबलं. ती “आई” म्हणाली आणि थांबली. पुन्हा “आई” म्हणाली.

“येतच नाही हो,” ती माझ्याकडे बघून म्हणाली. “या खोक्यापुढे कसं रडायचं?”

मला ते बघवेना. मी सगळं सांगून टाकलं. साहेबाचा प्रश्न, तिचा शब्द, माझा शब्द.



“कामधंद्यासाठी?” तिने विचारलं. “मी तर जीव म्हणाले होते.”

आणि मग तिला रडू फुटलं. ती जमिनीवर बसली, ऊर बडवत आईला हाका मारू लागली. आमच्या डोंगरातल्या बायका रडतात तशीच. दहा वर्षांत मी तिचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

ती शांत झाली तेव्हा माझं लक्ष टेपरेकॉर्डरकडे गेलं. लाल दिवा चालूच होता. माझं बोलणंही सगळं भरलं गेलं होतं. सारं गाव ते ऐकणार, या लाजेने मी घाईघाईने टेप मागे न्यायला गेलो. तिने माझं मनगट धरलं.

“पुसू नका, मास्तर. लेक का आली नाही, ते आईला कळू दे.”