कोरं कापड

लढाईच्या दिवसांत कापड मिळेनासं झालं होतं. कळमनुरीत आमच्या गल्लीतल्या बायका दुपारी शेजारच्या पिंजारीणबाईंच्या ओसरीवर वाकळी शिवायला बसायच्या. जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे, त्यांच्याच काठांतून दोरा उसवून घ्यायचा आणि चौघींनी चार कोपऱ्यांवरून टाके घालत मध्ये यायचं. कोपरा कसा वळवायचा, दोरा किती ओढायचा, हे एकमेकींचं बघून शिकायचं. मी नवी सून, वसमतच्या कापडवाल्याची लेक. माझ्याकडे फाटकं लुगडं नव्हतंच. म्हणून एका दुपारी मी पेटीतलं कोरं कापड नेलं आणि मोठ्या ऐटीत थरांमध्ये अंथरलं.

कुणाचीच सुई पुढे सरकेना. पिंजारीणबाईंनी कापडावरून हात फिरवला.

"हे कोरं हाय, बेटी," त्या म्हणाल्या. "कोरं आंगावर घालत्यात. वाकळीला जुनंच लागतंय, कोरं धुतलं की आटतंय."

त्यांनी ते घडी करून माझ्या मांडीवर ठेवलं. आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले तरी असते.

शिवणं पुन्हा सुरू झालं. मी मान खाली घालून सुईत दोरा ओवत बसले. तेव्हा दिसलं, माझ्या शेजारी बसलेलीनं लुगड्याचं गुडघ्यावरचं ठिगळ हळूच पदराखाली घेतलं होतं. समोरचीनंही. त्या दुपारपर्यंत त्या ओसरीवर ठिगळ कुणी झाकत नव्हतं.