काळी चारवरून घसरलेला सूर

सत्तरच्या दशकातलं एक परदेशी सिंथेसायझर आहे. विजेच्या सर्किटांतून सूर काढणारं वाद्य. त्याचे नग आता फारसे उरलेले नाहीत, पण नकाशे इंटरनेटवर मिळतात. त्यातलं एकेक सर्किट मी नव्याने बांधतो आणि एका पेटीत शेजारी शेजारी बसवतो. आमच्या सौसर गावात असं करणारा मी एकटाच असेन. खात्री केलेली नाही.

सूर काढणाऱ्या सर्किटात मूळ कारागिरांनी एक खास रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा छोटा भाग, घातला होता. उकाडा वाढला तरी तो सूर हलू देत नाही. मला तो मिळाला नाही, म्हणून एक हजार ओहमचा साधाच बसवला. मीटरवर नऊशे अठ्ठ्याण्णव भरला. तीन दिवस तपासला. सूर जागचा हलला नाही.

त्याच आठवड्यात बायकोच्या भजनी मंडळाचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा बिघडला. शनिवारी दुपारी जामसांवलीच्या देवळात भजन होतं, आणि मुख्य आवाज पहिल्यांदाच तिचा. मी माझी पेटी देऊ केली.

"सूर टिकंल ना?" तिने विचारलं.

"मोजून पाहिलाय."

"तुम्ही मोजलं म्हणूनच विचारून राहिली."

टिनाच्या शेडखाली काळी चारच्या पट्टीत सुरुवात झाली. दुसऱ्या भजनात बायकांचे आवाज जड वाटू लागले. सूर उतरत होता, आणि पेटी चुकणार नाही या विश्वासाने त्या इमानेइतबारे तिच्यामागे उतरत होत्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीन दिवसांची तपासणी मी कूलरसमोर बसून केली होती. तिथे अठ्ठावीस अंश, इथे एकेचाळीस.

उन्हाने तबला मात्र चढत होता. तबल्यावर आमच्या शेजारचे निवृत्त मास्तर होते. ते हातोडी घेऊन माझ्याकडे वाकले. "भाऊ, माहा तबला चढून राहिला का तुमची मशीन बसून राहिली?"

"दोन्ही," मी खरं ते सांगितलं.

सूर आता काळी तीन आणि पांढरी पाच यांच्या मधे लोंबकळत होता. तिथे पट्टीच नसते. मी घाईने बटण फिरवलं, ते नेमकं दुसरंच निघालं. पेटी म्हशीसारखी हंबरली. पुढच्या रांगेतल्या आजींनी हात जोडले.

बायकोने गाणं थांबवलं नाही. गाता गाताच हात लांब करून तिने पेटीचा प्लग उपटला, तबल्याचा सूर धरला आणि वरची ओळ अशी खणखणीत घेतली की मास्तरांनी मान डोलावली. उरलेली चार भजनं तिने पेटीशिवायच रंगवली.

प्रसाद घेताना मंडळातल्या एक काकू मला म्हणाल्या, "भाऊजी, बंद केल्यावर लय गोड वाजली तुमची मशीन."

परतीच्या वाटेवर बायको म्हणाली, "अहो, आता हे तपासाचं असंल तं कूलरसमोर नाही. मी पोळ्या करून राहते तेव्हा चुलीपाशी आणून ठेवा. तिथं टिकला तं पुढच्या भजनाले नेऊ."

तो खास रेझिस्टर मी शेवटी मागवून बसवला. सध्या सूर अकराव्या पोळीपर्यंत टिकतो. आमच्याकडे रोज सोळा होतात.