चित्राबाईंनी भरलेली ओटी

लहान गावात राहायला जा म्हणणाऱ्यांना एकदा विचारलं पाहिजे, की बाबांनो, तुम्ही स्वतः कधी राहिलात का? म्हणे मोकळी हवा, जीव लावणारी माणसं! दुरून डोंगर साजरे, दुसरं काय! जीव लावणारी माणसं जीव काढतात कशी, ते चित्राबाईंना विचारा.

आकुर्डीत होत्या तोवर चित्राबाईंच्या आयुष्यात नवरा नव्हता, आणि त्याचं कुणाला काही पडलंही नव्हतं. मुलगी सई दुसरीत असताना त्या केजहून नवऱ्याच्या, उद्धवरावांच्या, घरातून निघाल्या. उद्धवराव प्यायचे, आणि प्यायले नाहीत तरी मारायचे. कोर्टकचेरी कुणी केली नाही. बाईंनी मंगळसूत्र डब्यात टाकलं, कॉलेजच्या पोरींची मेस चालवली, सईला इंजिनिअर केलं. चाळीतल्या बायका पाण्यावरून कचाकचा भांडायच्या, पण "तुमचे मिस्टर दिसत नाहीत?" असं एकीनंही कधी विचारलं नाही. विचारायला वेळ कुणाला होता!

मग सईला चाकणच्या कंपनीत नोकरी लागली. तळवड्याच्या चौकात रोज अडकून पोरगी रडकुंडीला यायची. शेवटी तिनं महाळुंग्याच्या पलीकडच्या एका गावात, जुन्या वस्तीला चिकटून उभ्या राहिलेल्या बिल्डिंगीत पहिल्या मजल्यावर घर घेतलं. चित्राबाईंना आनंद झाला होता, हे कबूल केलं पाहिजे. खिडकीखाली शेजारच्या सोजराबाईंचं अंगण होतं, गोठा होता, आणि त्यामागं कंपन्यांची पत्र्याची छपरं.

पहिल्याच दिवशी सोजराबाई दुधाचा तांब्या घेऊन वर आल्या. म्हातारी विधवा, पण आवाज खणखणीत.

"पोरगी नोकरीला जाती. आन् मालक कुटं असत्यात?"

"बाहेरगावी," चित्राबाई म्हणाल्या.

किराणावाल्यानं तेच विचारलं. पिठाच्या गिरणीवर तेच. देवळाच्या पायरीवर तर एकीनं सरळ गळ्याकडे बघत विचारलं. अहो, माणसानं किती वेळा गप्प बसायचं? चित्राबाई वैतागून म्हणाल्या, "मस्कतला असतात!" आणि घरी येऊन डब्यातलं मंगळसूत्र काढून गळ्यात घातलं.

"घाल बाई," सई म्हणाली. "तेवढ्यानं लोक गप्प बसत असतील तर."

लोक कसले गप्प बसतात! मस्कतचा नवरा म्हटल्यावर बाईंचा भावच वाढला. नवरात्रात सवाष्ण म्हणून जेवायला चित्राबाई, कुणाच्या घरी हळदीकुंकू असलं की पहिलं बोलावणं चित्राबाईंना. आणि गेलं की उखाणा आलाच. ज्या माणसाचं नाव बाईंनी इतकी वर्षं तोंडात येऊ दिलं नव्हतं, ते त्यांना चारचौघीत लाजून घ्यावं लागलं: "चाकणच्या बाजारात कांद्याची रास, उद्धवरावांचं नाव घेते तुमच्यासाठी खास!" बायकांनी टाळ्या पिटल्या. घरी येऊन बाईंनी खळखळून चूळ भरली.

हे सगळं त्यांनी सोसलं ते स्वरूपापायी. स्वरूपा म्हणजे सोजराबाईंची सून. तिला आई नव्हती. पोटुशी राहिल्यापासून ती दुपारी वर यायची, "काकू, काहीतरी आंबट द्या ना" म्हणायची आणि खाऊन तिथंच चटईवर झोपायची. बाई तिच्या पायांना तेल चोळायच्या. डोहाळजेवण ठरलं तेव्हा स्वरूपानं हट्टच धरला, की पहिली ओटी काकूंनीच भरायची. सोजराबाईही म्हणाल्या, "तुमीच भरा. तुमचा हात गुणाचा हाय."

डोहाळजेवणाच्या दिवशी सकाळीच केजहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, दादा गेला. काल."

चित्राबाईंना वाईट वाटलं का? नाही वाटलं. त्यांनी सईला सांगितलं, इतकंच. तेवढ्यात हिरवी साडी नेसलेली स्वरूपा हातभर बांगड्या दाखवायला धापा टाकत जिना चढून आली. "काकू, वेळेवर या हं. तुमच्याशिवाय मी पाटावर बसणार नाही."

ती गेल्यावर सई म्हणाली, "आई, त्यांना सांगायचं का?"

"काय सांगू? त्या माणसाला मी कधीच सोडलं. तो जिवंत होता म्हणून माझं काही भलं झालं नाही. आता मेला म्हणून मी अशुभ का व्हायचं?"

चुकीचं काय होतं यात? तुम्हीच सांगा! बाई गेल्या. खण, नारळ, तांदूळ घेऊन त्यांनी स्वरूपाची ओटी भरली, आणि भरताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते फक्त तिच्या सुखासाठी.

सोजराबाईंच्या अंगणातल्या खोलीत नवनाथ नावाचा भाडेकरू राहायचा, कंपनीत कामाला, केजचाच. चार दिवसांनी त्याच्या मोबाइलवर भावपूर्ण श्रद्धांजलीचा फोटो आला. उद्धवरावांचा चेहरा, खाली गेल्याची तारीख, आणि शोकाकुल म्हणून मुलगी सईचं नाव. त्यानं भाबडेपणानं तो मालकिणीला दाखवला.

बायका आधी आल्या त्या रडायलाच. सोजराबाईंनी चित्राबाईंना छातीशी धरून हंबरडा फोडला. मग फोटोवरची तारीख कुणीतरी वाचली आणि रडणं एकदम थांबलं.

"तुमाला ठावं होतं?" सोजराबाईंनी विचारलं.

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. चित्राबाईंनी सगळं सांगितलं. मार सांगितला, मस्कत सांगितलं, त्या सकाळचा फोनही सांगितला.

"त्यो मारत व्हता, तुमी सोडलं, बरं केलं," सोजराबाई म्हणाल्या. "पन मी सख्खी सासू हाय तिची. मालक गेल्यापासनं कुनाच्या ओटीला हात लावला न्हाई मी. माझ्या सुनंची ओटी भरताना मी दाराआड हुबी व्हते, चित्राबाई! मला हौस नव्हती व्हय?"

म्हातारीही खोटं बोलत नव्हती. ज्या रिवाजानं तिला दाराआड उभं केलं होतं, तोच ती आता दुसरीवर चालवत होती. सगळ्या खाली निघून गेल्या. त्या दिवसापासून गिरणीवर बाई गेल्या की बोलणं थांबायचं आणि दूधही बंद झालं.

"विकून टाकू घर. परत आकुर्डीला जाऊ," सई म्हणाली.

"थांब गं. स्वरूपा तशी नाही. ती येईल." बाई रोज दुपारी तिच्यासाठी चटई घालून ठेवायच्या.

शुक्रवारी खाली अंगणात पुन्हा पाट मांडला. स्वरूपाला पुन्हा हिरवी साडी नेसवली होती. किराणावाल्याच्या बायकोनं तिची ओटी नव्यानं भरली. चित्राबाई वर खिडकीत उभ्या होत्या. स्वरूपानं मान वर करून पाहिलं, तेव्हा बाईंच्या मनात आलं, पोरीला बळंच बसवलेलं दिसतंय. त्या तिच्याकडे बघून हसल्या.

स्वरूपानं घाईघाईनं पदर ओढून पोट झाकलं आणि खिडकीकडे पाठ करून बसली.