खांबाखालचा उजेड

लेकीने डिझाइन केलेली लोखंडी इमारत बघायला गेले, तर एका उंच खांबाखालून पलीकडचा उजेड दिसत होता! चांगली दोन बोटं फट, बाई.

"अगं सुमे, हा तर अधांतरी आहे!" मी तिचा हात ओढला.

"चार बोल्टांवर उभाय, आई. ओळंब्यात अगदी सरळ आला की फटीत सिमेंटचा मसाला भरतील," असं हसत म्हणून ती खांबाला टेकलीसुद्धा. मी दोन पावलं मागे सरले. आपण सगळेच कुणाच्या तरी आकडेमोडीवर रोज बिनघोर झोपतो की!

"तुला नाही गं भीती वाटत?"

तिचं हसू थांबलं. "वाटते ना. आकडे माझेच आहेत."

लहानपणी तिला पाढे मीच शिकवले. घरी येईपर्यंत सगळे मनात म्हणून पाहिले. एखादा चुकीचा तर शिकवला नाही ना मी?